लांबच्या राइडसाठी बाइकची सीट बदलताना

पुण्याहून पहाटे निघालं की खंबाटकी ओलांडेपर्यंत कुणालाच काही होत नाही. साताऱ्याच्या पुढे चुळबुळ सुरू होते. एकदा डावीकडे सरकायचं, एकदा उजवीकडे. कराडच्या आसपास माणूस फूटरेस्टवर उभा राहून गाडी हाकायला लागतो, आणि निपाणी सोडून आजऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या डोक्यात पुढची चहाची टपरी सोडून दुसरं काही उरत नाही. त्यापुढे आंबोलीचा घाट. धुकं, ओली वळणं, समोरून एसटी, आणि चालवणाऱ्याचं अर्धं ध्यान बुडाकडे. चांगली सीट ही चैन आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळेच.

माझ्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० वर आता तिसरी सीट आहे. गाडीबरोबर आलेली पहिली. दुसरी मी हौसेनं घेतली आणि साफ फसलो. दुकानात हाताने दाबून पाहिली, गुबगुबीत लागली, पैसे दिले. शिरवळपर्यंत घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटत होतं. साताऱ्यात उतरलो तेव्हा जुन्या सीटवर कधी दुखलं नव्हतं इतकं दुखत होतं. पहिल्यांदा सीट बदलणारे जवळजवळ सगळेच ही चूक करतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कुठे दुखतंय ते ओळखा

"सीट टोचते" एवढ्यावर कुणीही तुम्हाला बरोबर सीट देऊ शकणार नाही. पुढच्या लांबच्या राइडला दुखायला लागलं की गाडी बाजूला घ्या आणि नेमकी जागा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. किती किलोमीटरला सुरू झालं तेही लिहा. घरी पोहोचल्यावर हे आठवत नाही.

बुडाखाली दोन टोकदार जागा दुखत असतील तर ती बसण्याची हाडं. कडक बाकावर बसून तळहात बुडाखाली सरकवले की ती हाताला लागतात. तिथे दुखतंय याचा अर्थ फोम दबून संपलाय, फार मऊ आहे, किंवा सीट इतकी अरुंद आहे की ही हाडं तिच्या कडांवर येतात.

मागे मधोमध, माकडहाडाशी दुखत असेल तर तुम्ही पाठीला पोक काढून, कंबर मागे ढकलून बसताय. मागच्या सीटची पायरी माकडहाडाला टेकत असेल तरी हेच होतं. हँडल लांब असलेल्या गाडीवर किंवा पाय फार पुढे असलेल्या क्रूझरवर हा त्रास जास्त. इथे फोम बदलून थोडाच फरक पडतो, सीटचा आकार बदलावा लागतो.

सारखं टाकीकडे घसरायला होत असेल तर सीट पुढे उतरती आहे. ब्रेक मारला की माणूस पुढे, मग हातांनी स्वतःला मागे रेटायचं. मनगटं दुखतात, बोटांना मुंग्या येतात आणि आपण दोष ग्रिपला देतो. याच घसरण्यामुळे दोन मांड्यांच्या मधल्या नाजूक भागावर दाब पडून तिथे बधिरपणा येतो. पुरुष याबद्दल बोलायला लाजतात, पण तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. असा बधिरपणा वारंवार येत असेल तर त्या सीटवर पुढची लांब राइड करूच नका.

मांडीच्या आतून सोलवटत असेल तर सीटच्या कडा रुंद आणि चौकोनी आहेत, किंवा शिवण नेमकी तिथे आलीय. गुडघे दुखत असतील तर सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर तुमच्या पायांना कमी पडतंय. उंच माणसाची ही तक्रार हमखास असते आणि तिला उंच सीट हेच औषध.

माकडहाडाच्या वर गाठ, सूज किंवा पू दिसत असेल तर मात्र सीटवाल्याकडे नाही, सर्जनकडे जायचं. तिथे पायलोनायडल सायनस नावाचा आजार होतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून खडबडीत रस्त्यांवर तासन् तास फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांमध्ये तो इतका दिसला की त्याला 'जीप डिसीज' असंच नाव पडलं.

पैसे खर्च करण्याआधी या चार गोष्टी

पाकीट मागच्या खिशातून काढा. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही. एका बाजूला पाऊण इंचाचं पाकीट घेऊन पाच तास बसलं की कंबर वाकडीच राहते.

जाड जीन्सची मधली शिवण, जिथे चार पदर एकत्र येतात, ती बरोबर बुडाखाली येते. रायडिंग पँट असेल तर ती घाला, नाहीतर आत घट्ट बसणारी, लवकर वाळणारी, शिवण सपाट असलेली शॉर्ट घाला. सुती अंतर्वस्त्र ओलं झालं की ओलंच राहतं आणि कातडी सोलते. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनची २४ तासांत १,००० मैलांची, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरची राइड आपल्याकडचेही बरेच जण करतात. तिचं नावच 'सॅडलसोर' आहे, म्हणजे बसून बसून बुडाला झालेली जखम. ती करणारे सीटइतकाच विचार आतल्या कपड्यांचा करतात.

मागचे शॉकॲब्सॉर्बर बघा. एकटे जाताना आणि डबलसीट सामानासकट जाताना स्प्रिंगचं सेटिंग वेगळं हवं. बहुतेक गाड्यांवर ते पान्याने एक-दोन खाचा फिरवून बदलता येतं. फार कडक ठेवलं तर रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याचा धक्का थेट कण्यात जातो, आणि तो दोष आपण सीटच्या माथी मारतो.

आणि तासा-सव्वा तासाने उतरा. पाच मिनिटं चाला. कुठलीही सीट यातून सुटका देत नाही.

एवढं करूनही दुखत असेल, तर आता सीटकडे वळू.

मऊ आणि आरामदायी यातला फरक

मऊ फोमवर बसलं की सुरुवातीला अंग आत रुततं आणि बरं वाटतं. पण तुमचं वजन मुख्यतः त्या दोन हाडांवर असतं. तासाभरात हाडांखालचा फोम पूर्ण दबतो आणि तुम्ही सीटच्या प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या तळावर बसलेले असता. वरून सीट अजूनही फुगलेली दिसते, कारण हाडांच्या आजूबाजूचा फोम तसाच असतो. उलट तो फोम आता मांड्यांच्या मधल्या नाजूक भागात वर दाबत असतो. माझ्या दुसऱ्या सीटचं नेमकं हेच झालं होतं.

ती सीट घेऊन मी एका जुन्या कुशनवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलंच नाही. सीट जमिनीवर ठेवली, एक गुडघा तिच्यावर टेकवला आणि सगळं वजन त्या गुडघ्यावर टाकून सावकाश दहा आकडे मोजले. मग मला म्हणाले, "दादा, तुम्ही करा." माझ्या गुडघ्याला खालचा प्लॅस्टिकचा तळ स्पष्ट लागला, त्याच्या रेघासुद्धा कळत होत्या. "हाताने दाबायला घेतली होती का बसायला?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून कुठलीही सीट मी गुडघा टेकवून बघितल्याशिवाय घेत नाही. तुम्हीही हेच करा. तळ लागला तर ती सीट परत ठेवा, दुकानदार कितीही घाई करो.

फोमवाले "३२ डेन्सिटी", "४० डेन्सिटी", "५० डेन्सिटी" असं बोलतात. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. आकडा जास्त म्हणजे फोम जास्त कडक, असं बरेच जण धरून चालतात, पण कडकपणा हा वेगळा गुण आहे आणि एकाच डेन्सिटीत मऊ-कडक दोन्ही प्रकार मिळतात. डेन्सिटी सांगते ती फोम किती दिवस दबून सपाट होणार नाही ही गोष्ट. गादी-सोफ्याचा हलका फोम सीटला घातला तर एका पावसाळ्यात तो पापडासारखा होतो. सीटला ५० किंवा त्याहून वरचा मागा.

सगळ्यात चांगला अनुभव मला थरांचा आला. खाली कडक थर, त्यावर साधारण पाऊण इंच किंचित मऊ थर. खालच्या थराला रिबॉन्डेड फोम चालतो, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेला तो जड ठोकळा. तो सहसा तळापर्यंत दबत नाही. वरचा मऊ थर दीड-दोन इंचांचा करायचा मोह होतो, तो आवरा.

मेमरी फोम अंगाच्या आकाराप्रमाणे दबतो, पण एकटा वापरला तर तोही तळाला जातो, आणि थंडीत कडक होतो. स्पितीला किंवा लडाखला जाणार असाल तर सकाळी पहिला तासभर तो लाकडासारखा लागेल. जेल दाब चांगला पसरवतं, पण उन्हात तापलं की बराच वेळ तापलेलंच राहतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात जेलची सीट उघड्यावर लावून जेवायला गेलात तर परत आल्यावर तिच्यावर बसवणार नाही. जेल हवंच असेल तर ते वरच्या फोमखाली पुरलेलं घ्या, थेट रेक्झिनखाली नको.

पर्याय कोणते

मूळ सीटचाच फोम बदलून घेणं हा माझ्या मते नवख्या माणसाचा पहिला पर्याय. तळ तोच राहतो, त्यामुळे लॉक, बोल्ट, रबर सगळं जागच्या जागी बसतं, आणि खर्चही बेताचा होतो. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात सीटकव्हर आणि कुशनची कामं करणारा कुणीतरी असतो. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. मात्र समोर बसून करून घ्या. "संध्याकाळी या" म्हणणाऱ्याकडे सीट सोडली तर आत काय भरलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

गाडीच्या कंपनीची टूरिंग सीट मिळत असेल, जशी रॉयल एनफील्डच्या बऱ्याच मॉडेलांना मिळते, तर ती बिनघोर बसते. पण ती सरासरी माणसासाठी केलेली असते. शोरूममध्ये गाडीवर लावलेली असेल तर निदान पंधरा-वीस मिनिटं बसून बघा. लाज वाटू देऊ नका.

बाहेरच्या बनावटीची तयार सीट घेताना मॉडेलबरोबर गाडीचं वर्षही सांगा. २०२१ मध्ये क्लासिक ३५० पूर्ण नवी आली, नाव तेच राहिलं आणि सांगाडा बदलला. जुन्या क्लासिकची सीट नव्यावर बसेल असं धरून ऑनलाइन मागवणारे आणि मग परत पाठवण्याच्या खटपटीत अडकणारे मी पाहिलेत.

चौथा पर्याय वरून बांधायच्या हवेच्या गादीचा. वर्षातून दोनदाच लांब जाणाऱ्याला हा उत्तम, कारण काढून ठेवता येते. फक्त लोक ती ट्यूबसारखी टम्म फुगवतात आणि मग गाडीवर डुलत बसतात. बरोबर पद्धत अशी: थोडी जास्त हवा भरा, गादीवर बसा, आणि हाडं सीटला टेकायच्या किंचित अलीकडे येईपर्यंत हवा सोडत जा. घाट चढून उंचावर गेल्यावर ती आपोआप फुगल्यासारखी वाटते, तिथे पुन्हा थोडी सोडा.

जुन्या बुलेटवरची स्प्रिंगवाली एकेरी गादी दिसायला झकास असते. लहान खड्डे ती छान गिळते, पण त्या स्प्रिंगांना आवर घालणारं काही नसतं, त्यामुळे खराब रस्त्यावर माणूस उडत राहतो. लांबच्या राइडसाठी मी तरी ती सुचवणार नाही.

आकार आणि माप

घरी एक सोपं काम करा. जाड खोक्याचा, आत नागमोडी पदर असलेला पुठ्ठा घ्या, कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा आणि टाचा थोड्या उचलून अर्धा मिनिट थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तुम्ही बसता तिथे सीटचा सपाट भाग त्याहून दोन्हीकडे निदान दोन-दोन इंच जास्त रुंद हवा. बायकांमध्ये हे अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे नवऱ्याला जमलेली सीट बायकोला जमेलच असं नाही.

सीट मागे रुंद आणि टाकीजवळ अरुंद हवी. पुढची रुंदी वाढली की उंची तेवढीच राहूनही पाय जमिनीला पुरत नाहीत, कारण मांड्या फाकतात. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर उंचीवर आहे. पाच फूट चार इंचाच्या माणसाने तिच्यावर इंचभर फोम वाढवला आणि पुढची बाजूही रुंद केली, तर सिग्नलला, चढावर, डबलसीट असताना गाडी सावरणं अवघड होतं. अशा वेळी उंची न वाढवता पुढच्या कडा दोन्ही बाजूंनी तासून घ्या. उंच माणसाने उलट करावं. रॉयल एनफील्डच्याच हिमालयन ४५० ला सीट ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर लावता येते, आणि त्या २० मिलिमीटरनी गुडघ्यांना केवढा फरक पडतो ते बसून बघितल्यावरच कळतं.

खोलगट सीट की सपाट? खोलगट सीट वजन जास्त जागेवर पसरवते, पण तुम्हाला एकाच जागी डांबून ठेवते. सपाट सीटवर मागेपुढे सरकता येतं. मी सपाटच्या बाजूचा आहे, कारण दर अर्ध्या तासाला दोन इंच सरकता आलं की बूड बधिर व्हायला बराच वेळ लागतो. बसायची जागा जमिनीला समांतर, किंवा पुढची बाजू अगदी किंचित वर ठेवा.

मागे बसणाऱ्याला सोबत न्या

सीट करून घेताना मागे बसणारं माणूस घरी ठेवू नका. माझी बायको दुसऱ्या सीटवर फलटणपर्यंत आली आणि परतीला एसटीने आली. मागची जागा पुढे उतरती होती, प्रत्येक ब्रेकला ती माझ्या पाठीवर आणि मी टाकीवर. मागच्या जागेचा सपाटपणा पुढच्याइतकाच काटेकोर बघा, आणि तिथे थोडा जास्तच फोम द्या, कारण मागे बसणाऱ्याला खड्डा आधी दिसत नाही आणि तो मागच्या चाकाच्या जवळ बसलेला असतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो, आणि त्याची सीट गाडीला पक्की बसवलेली लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी कायमची धरायची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण मागतो. नवी सीट बसत नाही म्हणून मागचा दांडा किंवा साडीगार्ड काढायला कुणी सांगितलं तर ती सीटच नको.

बसवताना आणि नंतर

सीट लावण्याआधी ती उलटी करून बघा. तळ पत्र्याचा असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी आहे ना ते पाहा. फोम दबून तळ खाली वाकला आणि टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होतं, वायर जळते. तळाखालची रबरी बुटकी गादीसारखी बुचं जुन्या सीटवरून काढून नव्यावर लावा. ती विसरली की सीट कडकड वाजते आणि सगळा दाब लॉकवर येतो. लॉक लागल्यावर सीट दोन्ही हातांनी धरून जोरात वर ओढून आणि आडवी हलवून बघा.

रेक्झिन ठोकताना स्टीलच्या न गंजणाऱ्या पिना मागा. वरच्या बाजूला जितक्या कमी शिवणी तितकं बरं. हिऱ्याच्या आकाराची रजईसारखी शिवण फोटोत छान दिसते, पण प्रत्येक टाका म्हणजे पावसाला भोक. जुलैत कोकणात एक दिवस भिजली की फोम स्पंजासारखा पाणी धरतो, आणि मग ऊन पडलं तरी बसलं की पँट ओली. फोम आणि रेक्झिनच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद टाकून घ्या. रेक्झिन फार गुळगुळीत नको, घसरायला होतं. फार खरखरीतही नको, नाहीतर सरकताच येत नाही.

आता खरी परीक्षा. नवा फोम पहिले काहीशे किलोमीटर कडक लागतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका. आठवडाभर गावात चालवा, मग एका रविवारी चार-पाच तासांची राइड करा. मी पुणे-सातारा-पुणे करतो, येऊन-जाऊन सव्वादोनशे किलोमीटर होतात. जिथे टोचेल तिथे थांबल्या थांबल्या सीटवर खडूने खूण करा. घरी येऊन अंदाजाने केलेली खूण हमखास दोन बोटं चुकते.

तिसरी सीट करताना मी अशा दोन खुणा घेऊन चाचांकडे परत गेलो होतो. एक उजव्या कडेला, एक मागच्या पायरीपाशी. त्यांनी रेक्झिन उलटवलं, करवतीच्या पात्याने उजव्या कडेचा अर्धा इंच फोम उतरवला, पायरी एक बोट मागे नेली, वर हात फिरवून पाहिलं आणि परत ठोकून दिलं. अर्ध्या तासाचं काम. म्हणून सीट करायला देतानाच विचारून घ्या, की एकदा चालवून आल्यावर दुरुस्त करून द्याल का. नाही म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

आणि मूळ सीट भंगारात घालू नका, नव्या सीटच्या बदल्यात दुकानदाराला तर अजिबातच देऊ नका. पुसून, वाळवून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. तिच्यावर काही ठेवू नका, नाहीतर फोम दबून बसतो. नवी दुरुस्तीला गेली की तिच्यावर ऑफिसला जाता येतं, आणि पुढे गाडी विकायला निघाली तर घेणारा मूळ सीट आहे का हे विचारतोच.